‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार?’

पाळीच्या आधी आठवडाभर होणारी चिडचिड आणि पाळीत होणारी पोटदुखी यांसाठी गोळ्यांऐवजी एखादे वनस्पतीजन्य औषध घेतले तर चालेल का, हा प्रश्न इंदूरमधील माझ्या समुपदेशन कक्षात वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेकींनी ते औषध आधीच सुरू केलेले असते आणि त्यांना माझ्याकडून केवळ होकार हवा असतो. अशाच एका प्रश्नाची ही हकिगत तिच्या संमतीने लिहिते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, औषधांचे मात्र बदललेले नाहीत.

ती तिशीच्या आतली, बँकेत रोखपाल म्हणून काम करणारी, सुदामा नगरमध्ये सासू-सासऱ्यांसोबत राहणारी. पहिल्या भेटीला सासूबाई सोबत आल्या होत्या आणि बोलण्याची सुरुवातही त्यांनीच केली. “ताई, पोर पाळीच्या आधी आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही आणि पाळीत दोन दिवस उठत नाही. मी माझ्या परीने सगळं करते आहे.” त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा काळजी अधिक होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, “सध्या कोणती औषधे चालू आहेत?” त्यावर सून “नाही, काही नाही” एवढेच म्हणाली आणि मी तेवढ्यावर पुढे गेले. ती माझी चूक होती. सासूबाईंच्या समोर विचारलेल्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणारच नव्हते, हे मला त्या वेळी सुचायला हवे होते.

दुसऱ्या भेटीला ती एकटी आली आणि मी सांगितल्याप्रमाणे घरात पाळीसाठी म्हणून जे जे घेतले जाते ते सगळे एका कापडी पिशवीत घालून घेऊन आली. टेबलावर चार वस्तू मांडल्या गेल्या. सासूबाईंनी आणलेली अशोकारिष्टाची बाटली, सियागंजमधल्या पंसाऱ्याकडून आणलेली ‘अशोक छाल’ची पुडी, जाहिरात पाहून मागवलेल्या गुलाबी गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) आणि अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेने दिलेली कॅप्सूलची बरणी. आम्ही दोघींनी मोबाइलच्या उजेडात एकेक लेबल वाचायला घेतले. ह्या कामाला पाऊण तास लागला आणि तो पाऊण तास माझ्या मते त्या भेटीतला सर्वांत उपयोगाचा होता.

अशोकारिष्टाच्या बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक, घटकांची यादी, मात्रा आणि ‘स्वयंजनित अल्कोहोल’ असा उल्लेख होता. अरिष्ट म्हणजे काढा; तो गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवला जात असल्याने त्यात साधारण ५ ते १० टक्के मद्यांश तयार होतो. पंधरा-वीस मिलीच्या मात्रेत तो फार नसतो, पण तो असतो हे घेणाऱ्याला ठाऊक हवे, आणि तिला ते ठाऊक नव्हते. शिवाय जुन्या ग्रंथांत अशोकारिष्टाचा मुख्य उपयोग अतिरक्तस्रावात सांगितलेला आहे. हिचा रक्तस्राव बेताचा होता, तक्रार होती ती कळांची आणि मनःस्थितीची.

पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते. औषधी अशोक म्हणजे सीताअशोक, ज्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात. आपल्या वसाहतींच्या कुंपणालगत जो उंच, सरळसोट ‘अशोक’ लावतात तो वेगळाच वृक्ष आहे आणि त्याची साल सीताअशोकाच्या नावाखाली विकली जाते, ही भेसळ वनस्पतीतज्ज्ञांनी वारंवार नोंदवली आहे. सीताअशोकाची झाडे आता कमी होत चालली असल्याने हा मोह वाढणारच. पुडीतली साल कोणत्या झाडाची, हे मला सांगता येणे शक्य नव्हते आणि पंसाऱ्यालाही ते सांगता आले असते असे वाटत नाही. ती पुडी त्याच दिवशी बाजूला गेली.

गमीजच्या डबीवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक होता आणि त्याखाली ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते खाद्य आहे, औषध नाही. जाहिरातीत मात्र ‘पाळीच्या सर्व तक्रारींवर मुळापासून उपाय’ असा दावा होता. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात स्त्रियांच्या पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिला नवल वाटले. मला स्वतःला अशा जाहिरातींचा मनापासून राग येतो, कारण वेदनेने बेजार झालेल्या मुलींच्या पगारातून ह्या डब्या विकत घेतल्या जातात.

शेवटी नणंदेची बरणी उरली. त्यावर ‘विशेष मिश्रण, ९०० मिलिग्रॅम’ असे लिहून पुढे सहा वनस्पतींची नावे दिली होती. कोणती किती, याचा पत्ता नव्हता. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशी पूरके बाजारात आणण्यापूर्वी ती गुणकारी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, त्यामुळे परदेशातून आले म्हणजे पारखून आले, हा आपल्याकडचा समज येथे उपयोगी पडत नाही. सहा नावांतले चौथे नाव सेंट जॉन्स वर्ट होते. ते वाचून मी थांबले आणि पहिल्या भेटीतला प्रश्न पुन्हा विचारला. ह्या वेळी कक्षात आम्ही दोघीच होतो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मॅडम, एक गोळी आहे. लग्नाच्या आधीपासून. घरी माहीत नाही.” मनोविकारतज्ज्ञांनी चिंतेसाठी दिलेली, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी ती गोळी ती रोज रात्री घेत असे आणि पाकीट बँकेच्या पर्समध्ये ठेवत असे. सेंट जॉन्स वर्टही सेरोटोनिनवरच परिणाम करते. दोन्ही एकत्र झाले तर अस्वस्थता, घाम, धडधड, थरथर असा त्रास होऊ शकतो आणि क्वचित तो गंभीर होतो. हीच वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करते. “गेले तीन आठवडे नोटा मोजताना बोटं थरथरतात,” ती म्हणाली. “मला वाटलं, अशक्तपणा असेल.” कॅप्सूल सुरू होऊन साडेतीन आठवडे झाले होते.

निदान करणे हे माझे काम नाही. तिच्या परवानगीने, तिच्यासमोरच मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. कॅप्सूल आजच बंद, रात्रीची गोळी मात्र मनाने मुळीच बंद करायची नाही, आणि आज संध्याकाळीच येऊन दाखवायचे, असे त्यांनी सांगितले. आठवडाभरात थरथर गेली.

यानंतर मूळ प्रश्न तसाच शिल्लक होता, कारण तिचा त्रास खराच होता. मी तिला दोन पाळ्यांपुरती एक साधी वही ठेवायला सांगितली. रोज रात्री एक ओळ: रक्तस्राव आहे की नाही, पोटदुखी शून्य ते दहापैकी किती, चिडचिड किती, झोप कशी, आणि त्या दिवशी काय काय घेतले. दोन महिन्यांनी वही उघडली तेव्हा चिडचिड पाळीच्या सहा दिवस आधी चढताना आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी उतरताना स्पष्ट दिसली. मधले दोन आठवडे जवळपास निरभ्र होते. पाळीपूर्व त्रास असाच असतो. मन महिनाभर खिन्न असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते, आणि त्रास इतका तीव्र असेल की नाती व नोकरी मोडकळीस येते, तर त्याला स्वतंत्र आजार म्हणून २०१३ पासून मनोविकारांच्या वर्गीकरणात स्थान आहे व त्यावर औषधोपचार आहेत.

पोटदुखीच्या रकान्याने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही पाळ्यांत दुखणे पहिल्या दिवशी आठवर होते आणि तिसऱ्या दिवशी एकवर आले होते. एका महिन्यात अशोकारिष्ट घेतले होते, दुसऱ्यात काहीच नाही. गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे कळा येतात आणि अस्तर बाहेर पडत जाते तशा त्या दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जे काही पोटात जाईल त्याला तिसऱ्या दिवसाचे श्रेय मिळते. घरोघरच्या काढ्यांची कीर्ती बरीचशी अशीच पसरलेली आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच औषध न घेतलेल्या महिन्याची नोंद घेतलेल्या महिन्याइतकीच मोलाची असते.

मग वनस्पतींत काहीच तथ्य नाही का, असे तिने विचारले. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. युरोपात चेस्टबेरी नावाच्या फळाच्या एका ठरावीक अर्काची २० मिलिग्रॅमची गोळी १७० स्त्रियांवरील चाचणीत तीन पाळ्या दिली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना पाळीपूर्व त्रासात चांगला उतार पडला, तर औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे पाव स्त्रियांना. हा फरक लक्षणीय आहे, पण तो त्या अर्काचा आहे. आपली निर्गुडी चेस्टबेरीची चुलत बहीण असली तरी तिच्या पाल्याच्या रसाला हा पुरावा लागू होत नाही, आणि कोणती वनस्पती किती आहे हे न कळणाऱ्या मिश्रणाच्या कॅप्सूललाही नाही. शिवाय चेस्टबेरी संप्रेरकांवर परिणाम करते, त्यामुळे गर्भधारणेचा विचार असताना किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ती मनाने घेऊ नये. पोटदुखीसाठीच्या पूरकांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात भक्कम पुरावा कशालाच आढळला नाही, सुंठ आणि मेथी यांना थोडा आधार मिळाला. सुंठीच्या चाचण्यांत पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम चूर्ण दिले गेले होते, म्हणजे दिवसभरात मिळून चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. तिला पित्ताचा त्रास नव्हता, रक्त पातळ करणारे औषध चालू नव्हते. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला तपासले, सोनोग्राफी केली आणि काळजीचे काही आढळले नाही. दुखणे वर्षागणिक वाढत गेले असते, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असते, शौचाच्या किंवा संबंधांच्या वेळी कळ येत असती, किंवा अंगावरून फार जात असते, तर ही तपासणी मी पहिल्या आठवड्यातच करायला लावली असती. कळांसाठी त्यांनी पहिले दोन दिवस जेवणानंतर मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक दिले. ते कळ असह्य होईपर्यंत न थांबता दुखायला लागताच घ्यायचे असते. रात्रीच्या गोळीसोबत ते घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून दोनच दिवस. चिडचिडीसाठी कॅल्शिअम सुचवले. १९९८ च्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी. हा दुसरा आकडा मी तिला मुद्दाम सांगितला.

सर्वांत अवघड भाग सासूबाईंचा होता. “म्हणजे मी हिला इतके दिवस चुकीचं पाजत होते का?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “काकू, तुम्ही परवाना असलेलं औषध, मात्रा मोजून, काळजीनं दिलंत. फक्त ते हिच्या त्रासाचं नव्हतं. वैद्यांना एकदा नाडी दाखवा, त्यांना हिची सगळी औषधं सांगा, आणि ते म्हणतील तर पुन्हा सुरू करा.” ‘सगळी औषधं’ हे शब्द उच्चारताना मी सुनेकडे पाहिले नाही. रात्रीच्या गोळीचे सांगायचे की नाही, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचा अधिकार तिचा होता. आम्ही दोन भेटींत ते वाक्य कसे बोलायचे याचा सराव केला आणि महिन्याभराने नवऱ्याला शेजारी बसवून तिने ते सांगितले. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी विचारले, “उपाशीपोटी तर घेत नाहीस ना?”

सहाव्या महिन्यात तिच्या वहीत पाळीपूर्व चिडचिडीचा आकडा सातवरून चारवर आलेला होता. हे कॅल्शिअममुळे, की घरातले लपवणे संपल्यामुळे, की दोन्हींमुळे, असे तिने विचारले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संमतीने तिने आता दोन पाळ्या कॅल्शिअम थांबवले आहे, बाकी काही बदललेले नाही, आणि रोजची ओळ लिहिणे सुरू आहे.