मुलगा दहा वर्षांचा आहे. पुण्यात त्याच्यासोबत मॉडेल रॉकेट उडवायला मैदान कुठे मिळेल? आणि सर्वात उंच जाणारं रॉकेट कोणतं घ्यावं?

मैदानाचं खाली सांगतो, पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तुम्ही विचारताय, सर्वात उंच जाणारं कोणतं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, यांनीही सुरुवात याच प्रश्नाने केली होती आणि त्यावरून आमच्यात जो वाद लागला तो अजून मिटलेला नाही. माझं मत सरळ आहे. पहिलं रॉकेट असं घ्या, जे त्याच मैदानात उतरेल, पोराच्या हातात परत येईल आणि अर्ध्या तासात पुन्हा उड्डाणाच्या सळईवर चढेल.

हिशेब करून बघा. पॅराशूट उघडल्यावर रॉकेट साधारण सेकंदाला ४ मीटरने खाली येतं असं धरा आणि वाराही तेवढाच, म्हणजे ताशी १४-१५ किलोमीटर. एवढा वारा आपल्याला नुसती झुळूक वाटते. ६० मीटरवरून सुटलेलं रॉकेट १५ सेकंदांत खाली येतं आणि ६० मीटर लांब पडतं. २०० मीटरवरून सुटलेलं ५० सेकंद हवेत राहतं आणि २०० मीटर लांब जातं. आता पुण्याच्या आसपास असं मैदान दाखवा, की जिथे चारी बाजूंना २०० मीटरपर्यंत ना झाड, ना तार, ना विहीर, ना कुणाचं उभं पीक.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूर रस्त्याला, यवतच्या अलीकडे, उड्डाणांचा दिवस ठेवला होता. मोटरींची, म्हणजे रॉकेट वर ढकलणाऱ्या तयार नळकांड्यांची, कागदपत्रं, शेतमालकाचा होकार, पोलिसांना पत्र हे सगळं त्यांच्या सरांनी आधीच केलं होतं. ज्वारी काढून झालेलं रान, एका अंगाला बांध आणि बांधापलीकडे ऊस. पोरांनी सळईभोवतीची धसकटं उपटून मोठा गोल साफ केला, पाणी मारलं, सळईखाली पत्रा ठेवला आणि शेजारी पाण्याचे कॅन व ओली पोती तयार ठेवली. ही तयारी पाहूनच मी भाचीला तिथे पुढे जाऊ दिलं. जिथे पाणी आणि पोती दिसणार नाहीत तिथून मुलाला घेऊन सरळ घरी या.

भाची नववीत आहे. तिने नळी ड्रॉइंग पेपर पाइपवर गुंडाळून, फेव्हिकॉल लावून केली होती. पंख बाल्सा या हलक्या लाकडाचे, आणि लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर, नाहीतर जमिनीवर आदळताना पंख उभा चिरतो. हे तिने स्वतः वाचून काढलं होतं. आदल्या दिवशी मोटर बसेल तिथे तेवढंच वजन भरून तिने रॉकेट गुरुत्वमध्यावर दोऱ्याने बांधलं आणि गच्चीवर डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडणार, आडवं-तिडवं फिरलं तर नाकात वजन घालायचं. गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा, म्हणजे हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो त्या जागेपेक्षा, निदान नळीच्या एका व्यासाएवढा पुढे हवा, हा नियम. पॅराशूटला तिने टाल्कम पावडर लावली, म्हणजे घडी चिकटत नाही, आणि मधोमध भोक पाडलं, म्हणजे ते जरा लवकर खाली येतं.

तिची मोटर होती ए८-३. ए म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ) जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटनचा रेटा, ३ म्हणजे जळण संपल्यावर ३ सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार. अक्षर एक पुढे गेलं की आवेगाची मर्यादा दुप्पट होते, म्हणजे सी मोटर ए-च्या चौपट. भाऊजींनी सी६-५ लावली होती. रॉकेट देखणं होतं, रंग उत्तम लावलेला, त्यात वाद नाही.

भाचीचं सकाळी आठच्या सुमाराला उडालं, वारा नव्हता तेव्हा. मोटर सेकंदभरही जळत नाही. आवाज येतो आणि मान वर करेपर्यंत धुराची रेघ उरलेली असते. तिची मैत्रीण १०० मीटरवर कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला नटबोल्टचा नट लावून उभी होती. तिने रॉकेट सर्वात वर असतानाचा कोन वाचला, ३१ अंश. ३१ अंशांचा टॅन ०.६०, म्हणजे ६० मीटर, शिवाय बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची दीड मीटर. त्रिकोणमिती नववीच्या पुस्तकात आहे. वर्गात ती हिला नकोशी झाली होती, इथे शेतात वहीवर गणित मांडून तिने ती सगळ्यांना समजावून सांगितली. रॉकेट बांधाच्या अलीकडेच पडलं, पंख शाबूत. नवी मोटर, नवं वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये घालायचा न पेटणारा कागद), पुन्हा वर. त्या सकाळी ते पुन्हा पुन्हा उडालं आणि प्रत्येक वेळी वहीत एक कोन लिहिला गेला. एकदा वाऱ्याची झुळूक आली तर रॉकेट वाऱ्याकडे तोंड करून तिरकं गेलं, तेव्हा पंख थोडे लहान केले तर काय होईल यावर कॉलेजची पोरं आणि ती मांडी घालून बोलत बसली. मी एवढा अभिमानाने क्वचित कुठे बसलो असेन.

भाऊजींचं रॉकेट साडेदहाला उडालं. तोवर ऊन चढलं होतं, वारा उठला होता. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत सी मोटरला मैदानाची लहान बाजू निदान ४०० फूट सांगितली आहे, ए-ला १०० फूट पुरतात. रान तेवढं होतं, म्हणून पोरांनी अडवलं नाही. मी मात्र म्हटलं, उद्या पहाटे येऊ. ते म्हणाले, "अरे, रॉकेट दिसेनासं झालं तर ते रॉकेट, नाहीतर दिवाळीचा बाण काय वाईट?" रॉकेट सरळ गेलं, पॅराशूटही सुरेख उघडलं, आणि सगळ्यांच्या देखत तरंगत तरंगत बांधावरून उसात गेलं. दुपारपर्यंत आम्ही फडात शोधत होतो. उसाची पानं हाताला, गालाला कापतात. रॉकेट मिळालं नाही. कोनसुद्धा कुणी घेतला नव्हता. तरीही घरच्या प्रत्येक जेवणात ते ३०० मीटर गेल्याचं सांगितलं जातं, आणि भाचीच्या ६० मीटरांना ‘छान प्रयत्न’ म्हटलं जातं. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. मोजलेले ६० मीटर हे न मोजलेल्या ३०० मीटरांपेक्षा जास्त आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

आता मैदान. शहरात विसरा. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी ही नावं प्रत्येक जण सुचवतो. तिथे माणसं फिरायला येतात आणि फेब्रुवारीपासून गवत एका ठिणगीची वाट बघत असतं. लोहगावला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ, खडकवासल्याला एनडीए, त्या बाजूंना जाऊच नका. पूर्वेला हडपसरच्या पुढे पीक निघालेली रानं मिळतात. मालकाला आधी भेटा आणि लगेच शेजारच्या रानाच्या मालकालाही भेटा, कारण रॉकेट त्यांच्याकडे उतरतं. जवळच्या पोलीस चौकीला लेखी कळवा. सोसायटीच्या गच्चीवरून कुणी उडवत असेल तर तुम्ही नको म्हणा.

खर्च रॉकेटला फार नाही, अप्पा बळवंत चौकातला कागद आणि थोडं बाल्सा पुरतं. पैसे जातात ते मोटरला, कारण दर उड्डाणाला नवी लागते. शिवाय मोटरमध्ये बंदुकीची दारू असते, म्हणजे १८८४चा स्फोटक कायदा आला, आणि त्याचं काम बघणारी पेसो ही संस्था नागपुरात आहे. म्हणून एकट्याने मोटरीच्या मागे लागण्यापेक्षा परवानग्या घेऊन उडवणाऱ्या कॉलेजच्या गटाला गाठा. विमानाच्या सामानातून मोटर आणायचा विचारही करू नका.

घरी मोटर बनवण्याचे व्हिडिओ मुलाला दाखवू नका. हा छंद सुरूच झाला तो त्याला पर्याय म्हणून. अमेरिकेत मुलं घरी दारू भरून हातपाय गमावत होती, तेव्हा १९५७ साली नेब्रास्कातला बुटांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल आणि क्षेपणास्त्रांच्या चाचणी तळावर काम केलेला हॅरी स्टाइन यांनी तयार, सीलबंद, एकदाच वापरायच्या मोटरीची वाट धरली. दारू स्वतः भरायची नाही, हा या छंदाचा पहिला नियम आहे.

दहा वर्षांच्या मुलाला मी तरी पाण्याच्या रॉकेटपासून सुरू करायला सांगेन. सोड्याची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. बुचासाठी रबर आणि ट्यूबचा वॉल्व्ह बोहरी आळीत मिळतो. त्यालाही पंख, नाक, दोऱ्याची चाचणी, कोनमापक, सगळं तेच लागतं. भाऊजी याला खेळणं म्हणतात. वस्तुमान मागे फेकून पुढे जाणं हेच रॉकेट, मग ते पाणी असो की वायू.

काही गोष्टी राहिल्या. बाटली सोड्याचीच घ्या, साध्या पाण्याच्या बाटलीला तो दाब झेपत नाही, आणि सोड्याचीही पांढुरकी किंवा चुरगळलेली दिसली की फेकून द्या. हवा भरताना चेहरा बाटलीच्या वर नेऊ नका. मोटरचं रॉकेट उडवाल तेव्हा सगळे निदान १५ फूट मागे, आणि बटण दाबून पेटलं नाही तर बॅटरी सोडवून एक मिनिट थांबा, मगच जवळ जा. सकाळी दहाच्या आत आटपा. कोनमापक घरूनच न्या, शेतात कुणाकडे नसतो.