आधी मूठ

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पगारातले पाचशे रुपये वसतिगृहाला पाठवलेस, बरं वाटलं, आणि आता त्या बरं वाटण्याचीच तुला लाज वाटते. शिवाय बाबांवर कर्ज असताना आपण कुठले दानधर्म करणारे, हा दुसरा घोर. काहून एवढा घोळ घालतोस लेका? जेवल्यावर पोट भरतं म्हणून कोणी जेवणाऱ्याला स्वार्थी म्हणत नाही.

मला खटकलं ते शेवटचं वाक्य. ‘यापुढे जमेल तसं देत जाईन.’ जमेल तसं देणाऱ्याला कधीच जमत नाही. आधी मूठ काढायची, मग पीठ मळायचं.

विनोबांनी सर्वोदय-पात्र सुचवलं, ते असंच. घरातल्या लहान लेकराच्या हाताने रोज मूठभर धान्य वेगळं काढायचं. आमच्या घरी ते लेकरू मी. चुलीमागच्या कोनाड्यात डबा असे. घामेजल्या तळव्याला ज्वारी चिकटायची, आणि माय ते चार दाणेही झटकून डब्यात पाडायला लावायची. विनोबांना नुसतं धान्यच हवं असतं तर त्यांनी बापाची मूठ मागितली असती.

२०१७ ची बोंडअळी तुला आठवत असेल. त्या साली कापसाचा चुकारा हाती पडायच्या आधीच वाटला गेला होता. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरी. ज्याने त्याने ओढून नेला. त्यातूनही मी नेहमीची रक्कम बाजूला काढली. घरात अबोला झाला, भावाने ‘कर्णाचा अवतार’ म्हणून हिणवलं. हिणवू दे. आज तीच वेळ आली तर तेच करीन. त्या वर्षी माझ्या हातून गेलेल्या पैशांत तेवढेच असे होते, जे वसूल करायला दारात कोणी उभं नव्हतं. बाकी साऱ्यांचा मी देणेकरी, तिथे तेवढा देणारा. कर्जातल्या माणसाला ताठ बसायला एवढी जागा पुरते. ती भावाला कधी दिसली नाही, तुला दिसावी. बाबांवर कर्ज आहे म्हणूनच दे, म्हणतो मी.

पाचशे जड जात असतील तर पन्नास दे. पण पगार झाला त्याच दिवशी. महिनाअखेरीच्या उरल्यासुरल्यातून नको. आधी मूठ! सुट्टीत आलास की वसतिगृहात जाऊन बघ, पोरांच्या ताटात काय पडतं ते. पटलं नाही तर दुसरीकडे दे, महिना मात्र चुकवू नको. देवळाच्या फरशीवर नाव कोरून घेणारे एकदाच देतात, आणि मग जन्मभर त्या फरशीवर कोण पाय ठेवतो ते बघत बसतात.

८०-जीचं, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीचं विचारलंस. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. पावती तरीही घेत जा.

आणि बाबांना सांग, पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, ३१ मार्चच्या आत करून टाका. नाहीतर व्याजाची सवलत हातची जाईल.

तुझा,
काका