'कार'मधला र गेला कुठे, 'आयडिया'त आला कुठून?

चोपड्याच्या एका पालकांचा प्रश्न असा: मुलगी ऑनलाइन इंग्रजी शिकते, शिकवणाऱ्या बाई लंडनच्या. त्या 'कार'ला 'काऽ' म्हणतात, 'वर्ड'ला 'वऽड'. बरं, र गिळायची सवय म्हणावी, तर 'आयडिया ऑफ' म्हणताना 'आयडियारव्ह' असा नसलेला र मध्येच घुसवतात. शाळेतल्या सरांच्या मते दोन्ही उच्चार चुकीचे. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. बाईंचे दोन्ही उच्चार एकाच नियमातून निघतात, आणि सरांचा ठसठशीत 'कार'ही तितकाच खरा.

लंडनमध्ये आणि इंग्लंडच्या बहुतेक भागात र फक्त पुढे स्वर असेल तरच उच्चारतात. पुढे व्यंजन आलं किंवा बोलणं तिथेच थांबलं, की र गळतो. हा स्वर कानाला ऐकू यायला हवा, नुसता कागदावर असून भागत नाही. 'केअर'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई आहे, पण तो मुका, म्हणून र जातोच. दोन शब्दांमधली मोकळी जागा मात्र हा नियम जुमानत नाही. 'कार पार्क'चं 'काऽ पाऽक' होतं, पण 'कार इज' म्हटलं की 'काऽरिज', र परत हजर.

आता 'आयडिया'. र गळल्यावर 'निअर'चा शेवट 'निअ' असा उरला, आणि 'आयडिया'चा शेवटही 'डिअ'. कानाला दोन्ही सारखे. 'निअर इट'मध्ये मधे र येतो, मग 'आयडिया ऑफ'मध्येही जीभ र आणते; स्पेलिंगमध्ये तो होता की नव्हता हे जिभेला ठाऊक नसतं. 'लॉ अँड ऑर्डर'चं 'लॉऽरन् ऑऽड' होतं ते यामुळेच. हा उपरा र अ, आ, ऑ अशा स्वरांनंतरच येतो. 'सी इट' किंवा 'गो ऑन'मध्ये कधी येत नाही, तिथे पुसटसा य किंवा व येतो. (ब्रिस्टलची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे शेवटच्या अ नंतर चक्क ल लावायची जुनी सवय आहे, 'आयडिया'चं 'आयडियल' होतं. शहराचं जुनं नाव 'ब्रिगस्टो'च्या जवळपासचं होतं. त्याच्या शेपटाला ल चिकटला तोही याच सवयीने, असं मानतात.)

खानदेशात हे नवलाचं वाटायला नको. शाळेची शाया, केळीची केयी, डोळ्याचा डोया, धुळ्याचं धुये. अहिराणीत काय किंवा लेवा गणबोलीत काय, ळच्या जागी य येतो तो कोणी आळस केला म्हणून नव्हे. शब्दामागून शब्द एकाच रीतीने बदलतो. लंडनचा र असाच रीतीने गेला. फरक एवढाच, की र गिळणारे राजधानीत बसलेले होते म्हणून तो उच्चार साहेबी ठरला, आणि डोया म्हणणारे रावेर-यावलचे, साक्री-शिरपूरचे म्हणून तो गावंढळ.

हा र काही फार पुराणकाळात गेलेला नाही. जॉन वॉकरने 1791 च्या उच्चारकोशात लंडनमध्ये 'कार्ड'चं 'काऽड' होतं अशी नोंद केली आहे. त्याआधीच अटलांटिक ओलांडून गेलेल्यांनी र सोबत नेला होता, म्हणून अमेरिका-कॅनडाच्या बहुतेक भागात तो टिकला. आयर्लंड आणि स्कॉटलंडने सोडला नाही. इंग्लंडातही डेव्हन-कॉर्नवॉलकडे आणि लँकेशरच्या ब्लॅकबर्नजवळ तो अजून ऐकू येतो. ऑस्ट्रेलियात वस्ती उशिरा झाली, तिथे लंडनची तऱ्हा गेली. अमेरिकेत बॉस्टन-न्यूयॉर्कसारख्या बंदरांनी मात्र लंडनचं बघून र सोडला होता.

त्यातलं न्यूयॉर्क पुढे उलटं फिरलं. 1962 साली विल्यम लॅबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या तीन दुकानांत चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तू कुठे आहेत असं विचारलं, म्हणजे विक्रेत्यांच्या तोंडून 'फोर्थ फ्लोअर' हे दोन शब्द आपोआप यावेत. सॅक्स या महागड्या दुकानात 62 टक्के विक्रेत्यांनी र पूर्ण किंवा निदान एखाद्या जागी तरी उच्चारला, मध्यम भावाच्या मेसीजमध्ये 51 टक्क्यांनी, स्वस्तातल्या क्लाइनमध्ये 20 टक्क्यांनी. म्हणजे लंडनमध्ये र गिळणं उच्चभ्रूपणाचं, न्यूयॉर्कमध्ये र उच्चारणं.

सरांनी याला 'डायलेक्ट', म्हणजे बोली, म्हटलं असंही प्रश्नात आहे. ते जरा सैल झालं. शब्द आणि व्याकरण तेच ठेवून नुसता उच्चार बदलला तर तो अ‍ॅक्सेंट. प्रमाण मराठी बोलताना कोणी फक्त 'शाया' म्हणालं तर तेवढंच. 'माले भूक लागनी' ही मात्र बोली, कारण प्रत्ययच वेगळे. यॉर्कशरमध्ये 'नथिंग'ला 'नाउट' म्हणतात, ते बोलीत जमा. बाईंचा 'काऽ' अ‍ॅक्सेंटमध्ये.

आता मुलीचं. बाईंची नक्कल करताना हमखास चुकतं ते एका ठिकाणी: र गाळला, पण त्याचा वेळ भरून काढला नाही. र जाताना मागचा स्वर लांबवून जातो. 'हार्ट'चं 'हाऽट' आपल्याला जमतं, कारण मराठीत आ आहेच. लांब अ मात्र मराठीत नाही, घोळ होतो तो तिथे. 'शर्ट'चं 'शऽट' व्हायला हवं, आपण 'शट' म्हणतो, म्हणजे बंद कर. 'टर्न'चं होतं 'टन', 'बर्न'चं 'बन', म्हणजे जळण्याऐवजी पाव. ऑचंही तेच: 'पोर्ट' आखूड म्हटलं की 'पॉट', बंदराचं मडकं. सराव करायचा तर अशा जोड्या घ्याव्यात, 'शऽट'मधला अ 'शट'च्या जवळजवळ दुप्पट वेळ धरावा, आणि तो धरताना तोंड आ इतकं उघडू देऊ नये. नाहीतर 'बर्न'चं 'बार्न', म्हणजे धान्याचं कोठार.

अमेरिकन र हवा असेल तर अडचण वेगळी. आपला र जिभेचं टोक वर टेकवून होतो. त्यांच्या र मध्ये जिभेचं टोक कुठेच टेकत नाही. अ म्हणत राहायचं, जीभ मागे ओढायची, ओठ किंचित गोल, टोक अधांतरी. टेकलं की आपला र झाला. टेकणारा र स्कॉटलंडमध्ये अजून ऐकायला मिळतो, तेव्हा 'कार' म्हणणाऱ्या सरांचे सोयरे लंडनपेक्षा एडिंबरोकडे जास्त.

माझा कौल: मुलीने र ठेवावा. ऐकणाऱ्याला 'शर्ट' आणि 'शट' वेगळे कळतात ते त्यामुळेच, आणि आयल्ट्ससारख्या परीक्षेत गुण असतात ते समजेल असं बोलण्याला, कुठल्या एका देशाच्या अ‍ॅक्सेंटला नव्हे. बाईंचं बोलणं कळण्यापुरता त्यांचा नियम माहीत असू द्यावा. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात अशा शब्दांच्या शेवटचा र कंसात छापतात. तो कंस म्हणजे हाच नियम: पुढे स्वर आला तर म्हणा, नाहीतर सोडा. 'आयडिया'पुढे मात्र तसा कंस सापडणार नाही. तो र छापत नाहीत, नुसता बोलतात.