झरमॅटची स्कीइंग ट्रिप : एफडी मोडून जावं का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. लेक आठवीत आहे, तिला स्कीइंग शिकायचंय, येत्या मे महिन्यात तिघांनी स्वित्झर्लंडला झरमॅटला जायचं ठरतंय कारण तिथे हिमनदीवर वर्षभर स्की करता येतं, खर्च 9 लाख. त्यातले 4 लाख एफडी मोडून, 3 लाख एसआयपी वर्षभर थांबवून आणि 2 लाख पर्सनल लोन. तुम्ही विचारलंय, जावं का.

माझं उत्तर, जावं, पण या मे मध्ये नाही आणि या पैशातून तर अजिबात नाही.

आधी एफडीचं बोलू. तुमची एफडी साडेसहा लाखांची आणि घरखर्च, हप्ते धरून महिन्याला 1.15 लाख लागतात, म्हणजे आज साडेपाच महिन्यांची सोय आहे, 4 लाख काढले की जेमतेम दोन महिन्यांची राहते. आणि त्याच मेलमध्ये खाली तुम्हीच लिहिलंय की मिस्टर तीन आठवडे बेंचवर, म्हणजे कंपनीत प्रोजेक्टविना बसून, आहेत आणि त्यांच्या टीममधल्या दोघांना काढलंय. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. ती एफडी कुठल्याच ट्रिपसाठी नाही, ती याच दिवसांसाठी आहे, तिला हात लावू नका.

लोन 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं घेतलं तर हप्ता साधारण 9,600 आणि व्याज तीस हजारांच्या वर. एसआयपी लेकीच्या कॉलेजसाठीची, कॉलेज चार-पाच वर्षांवर आलंय, तिथे एक वर्ष गमावणं आता परवडत नाही.

आता मे महिन्याचं. मी स्वतः जूनमध्ये झरमॅटला गेलोय. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत, खालच्या टेश गावापर्यंत गाडीने यायचं आणि पुढे ट्रेनने. वर 3,883 मीटरवरचं स्टेशन, केबल कारमधून उतरून चार पायऱ्या चढलो तर धाप लागली. सकाळी लवकर वर गेलेली स्की टीमची पोरं दुपारी स्की खांद्यावर टाकून परत येत होती, कारण उन्हाने बर्फ मऊ होतो आणि स्कीइंग तेव्हाच आटपतं. उन्हाळ्यात वर असतात ती मुख्यतः सराव करणारी, शिकलेली मंडळी. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्या मुलीला तिथे सुट्टीभर नेऊन तिच्या वाट्याला थोडंच येईल, हिमनदीचे पैसे मात्र पूर्ण भराल. नवशिक्यांसाठीची जागा खाली सुनेगाला, तीही हिवाळी सीझनमध्ये.

म्हणून माझं म्हणणं, तिची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की लगेच एप्रिलच्या सुरुवातीला जा. तेव्हा तिथे हिवाळी सीझन चालू असतो, तिला अभ्यासाचं टेन्शन नसतं, आणि तुमच्या हातात दोन वर्षं असतात. मधल्या एका हिवाळ्यात तिला गुलमर्ग किंवा औलीला पाठवा, औलीला गढवाल मंडळ विकास निगम या उत्तराखंडच्या सरकारी पर्यटन संस्थेचे 7 आणि 14 दिवसांचे कोर्स असतात. तिला खरंच आवडतंय का हे तिथेच कळेल, दोन-तीन दिवस आपटून घेतल्यावर मुलं नाही पण म्हणतात.

पैसे असे उभे राहतील बघा. ऑगस्टमध्ये कारलोन संपतंय, तो 18,500 चा हप्ता सप्टेंबरपासून आरडीत टाकला तर 18 महिन्यांत 3.33 लाख. आत्तापासून महिना 8,000 बाजूला काढले तर दोन वर्षांत 1.92 लाख. दिवाळी बोनसमधले दरवर्षी 2 लाख, म्हणजे 4. एकूण सव्वानऊ लाख, वर व्याज वेगळं, आणि एकही लोन नाही. शेअर बाजारात हे टाकू नका, दोन वर्षांचाच पैसा आहे. रहायला टेश बघा, झरमॅटपेक्षा स्वस्त पडतं आणि ट्रेनला बाराएक मिनिटं लागतात.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंगची दुखापत बऱ्याचदा वगळलेली असते. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं तर ते बिल आपल्यावर येतं, म्हणून विंटर स्पोर्ट्सचं कव्हर वेगळं घ्या आणि मुख्य स्लोप सोडून गेल्यास काय, ते त्यात वाचा. दुसरं, फॉरेक्स कार्डात स्विस फ्रँकच भरा. युरोचं कार्ड तिथे वापरलं तर परत कन्व्हर्जनचा चार्ज बसतो, आणि साध्या क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर जीएसटी, म्हणजे तीन लाख स्वाइप केले की बारा हजारांवर असेच जातात. पॅकेज घेतलंत तर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतील, तो रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा.

मिस्टरांना नवीन प्रोजेक्ट मिळाला की मला कळवा, मग बोनसचा आकडा पुन्हा एकदा बसून बघू, तोपर्यंत 8,000 ची आरडी याच महिन्यात चालू करून टाका.