भाकीत करायचं तर आधी तारीख टाक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझे परवाचे लांबलचक मेसेज वाचले, फोनवर तुकड्यातुकड्यात उत्तर द्यायला कंटाळा येतो म्हणून सरळ पत्रच लिहितेय. पत्रिका मांडायला शिकलास, दशा, म्हणजे आयुष्यातले ग्रहांचे कालखंड, काढतोस, ज्योतिषी कृष्णमूर्तींचं पुस्तक आणलंस, छानच झालं. पण अजून हात बसला नाही तोवर तू मित्रांच्या ग्रुपवर युद्ध कधी, सरकार कधी पडणार, सोनं कुठवर जाणार हे सगळं ठोकून द्यायला लागलास, त्याबद्दल जरा बोलायचंय.

आधी जन्मवेळेचं बघ. तू ज्या मित्राची पत्रिका पाठवलीस त्याची वेळ "संध्याकाळी साधारण सात" अशी आहे, म्हणजे आईला दिवे लागल्याचं आठवतंय एवढंच. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलतं, नवमांश लग्न, म्हणजे त्या राशीचा नववा भाग, तेरा-चौदा मिनिटांत, आणि तू तर त्याला नवमांशावरून बायकोचा स्वभाव सांगून मोकळा झालास! दशेचंही तेच. चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकतो, नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, जन्मवेळी चंद्राने त्यातलं जेवढं ओलांडलं तेवढी पहिली दशा सरलेली धरायची, आणि त्याचा जन्म पूर्वाषाढाचा म्हणजे जन्मदशा शुक्राची, 20 वर्षांची. आता हिशेब कर, वेळ एक तासाने चुकली तर त्याच्या आयुष्यातल्या सगळ्या महादशा जवळजवळ दहा महिने मागेपुढे होतात. अ‍ॅपमध्ये अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची तो फरक, लाहिरीच्या जागी रामन निवडलंस तर चंद्र दीडेक अंश हलतो आणि त्याच पत्रिकेत दोन वर्षांचा फरक पडतो. टिळक पंचांगाचं अयनांश घेतलंस तर चार अंशांचा फरक, म्हणजे चक्क सहा वर्षं. एवढं असताना "ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नोकरी लागेल" हे तू कुठल्या जोरावर लिहितोस?

आता देशाच्या भाकितांकडे येऊ, तुला त्यातच जास्त रस आहे ते कळतंय मला. भारताची पत्रिका 15 ऑगस्ट 1947, रात्री 12, दिल्ली. वृषभ लग्न, लग्नात राहू, कर्केत पाच ग्रह, चंद्र पुष्यात. त्या हिशेबाने सप्टेंबर 2025 मध्ये मंगळाची महादशा लागली, सात वर्षांची, आणि तू लगेच लिहिलंस की मंगळ म्हणजे सीमेवर गडबड नक्की. अरे पण मागचं काढून बघ ना. 1962 चं चीन युद्ध शनीत झालं, 1971 बुधात, कारगिल शुक्रात, तो आपला सुखाचा न् कलेचा शुक्र, आणि मे 2025 मधलं ऑपरेशन सिंदूर चंद्राच्या महादशेत. म्हणजे मंगळ नसतानाच इतकं सगळं होऊन गेलं. यावर तू म्हणशील अंतर्दशा, म्हणजे महादशेतली छोटी दशा, बघा, ती नाही जुळली तर गोचर, म्हणजे ग्रह त्या वेळी कुठे होते ते, बघा, ते नाही तर नवमांश, आणि काहीच नाही जुळलं तर 26 जानेवारी 1950 ची पत्रिका आहेच. जुळेपर्यंत शोधत बसलं की जुळतंच रे, घटना होऊन गेल्यावर पत्रिकेत ती न सापडलेला ज्योतिषी मी तरी पाहिला नाही.

अष्टग्रहीचं तुझ्या आजोबांना विचार. फेब्रुवारी 1962 मध्ये मकरेत आठ ग्रह एकत्र आले, भरीला सूर्यग्रहण, आणि देशभर यज्ञ, जप, प्रलय होणार म्हणून नुसती घबराट. झालं काहीच नाही. पानशेत फुटून पुण्याची दैना झाली ती 12 जुलै 1961 ला, म्हणजे अष्टग्रहीच्या सात महिने आधी. आणि मग ऑक्टोबरमध्ये चीन आल्यावर "बघा, अष्टग्रहीचंच फळ" म्हणणारे निघालेच! फेब्रुवारीच्या योगाचं फळ ऑक्टोबरपर्यंत चालतं म्हटल्यावर चुकायला जागाच कुठे राहिली.

दुसरी एक गोष्ट, ती ऐकली की आपल्यातले बरेच जण चिडतात. 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या, कुठली कुणाची एवढंच ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं असतं तरी 20 च्या आसपास बरोबर आली असती, यांची सरासरी आली 17.25, सगळ्यात जास्त 24. तुला पंचमेश, म्हणजे पाचव्या घराचा स्वामी, आणि बुध बघून लगेच बुद्धी सांगायची हौस आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. चाचणीला नावं ठेवायची तर ठेव, पण आधी स्वतः तशी देऊन बघ.

म्हणून एक वही कर, साधी शंभरपानी. भाकीत केलंस की त्याच दिवशी लिही, कधीपर्यंत होणार ते लिही, आणि काय झालं तर मी चुकलो असं धरायचं तेही तेव्हाच लिही, नंतर नाही. "मार्च-एप्रिलमध्ये राजकारणात उलथापालथ" हे लिहूच नकोस, महाराष्ट्रात ती कुठल्या महिन्यात नसते? शिवाय समोर लिही की ग्रह न बघता हे घडायची शक्यता किती. साडेसातीचं उदाहरण घे. बारापैकी तीन राशींना ती कायम चालूच असते, शनी मीनेत आहे तोवर कुंभ, मीन, मेष, पुढे 2027 मध्ये तो मेषेत गेला की कुंभेची सुटका आणि वृषभेला सुरुवात. म्हणजे चौथाई जनता केव्हाही साडेसातीतच असते. ज्याची नोकरी गेली त्याला साडेसाती निघाली यात आश्चर्य काय? मंगळाचं तर विचारूच नकोस, तो पत्रिकेच्या 1, 4, 7, 8, 12 यांपैकी कुठल्याही घरात असला की दोष, म्हणजे बारातली पाच घरं, चाळीस टक्क्यांच्या वर लोक मंगळवाले. ते सौम्य-कडक मंगळ, दोषपरिहार वगैरे सगळं निघालं ते मला वाटतं यातूनच, नाहीतर लग्नं जमणार कशी.

आणि हो, त्या मुलीला तू "सप्तमात शनी, उशीर होईल, त्रास आहे" (सप्तम म्हणजे विवाहाचं घर) असं मेसेजवर कळवलंस ते मला अजिबात आवडलं नाही. रात्री अकराला ती तुला लग्नाचं विचारतेय म्हणजे घरी काहीतरी झालेलं असणार, आधी ते विचारायचं. मरण, गर्भ, आजार यावर बोलायचं नाही म्हणजे नाहीच, कुणी कितीही आग्रह केला तरी. पुष्कराज, नीलम असलं काही सुचवायचं नाही, दुकानदाराचं कमिशन त्यात आलं की बघणाऱ्याची नजर बिघडते. तिला उद्याच फोन कर, मेसेज नको, आणि नुसतं ऐकून घे.

केपीतल्या, म्हणजे कृष्णमूर्ती पद्धतीतल्या, 249 उपनक्षत्रांचं जे विचारलंस ते पत्रात सांगण्यासारखं नाही, रविवारी ये, कोष्टक समोर ठेवून बसू. येताना वही आण, आणि मित्राला म्हणावं हॉस्पिटलचा जन्माचा कागद शोध, त्यावर वेळ लिहिलेली असली तर त्याची पत्रिका पहिल्यापासून परत मांडू.

तुझी,
मावशी