जुन्या लाकडी प्लेट कॅमेऱ्यात बदल करून आज स्टुडिओत फिल्मवर पोर्ट्रेट काढता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या स्टुडिओतला हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा घरात पडून आहे, लेन्सला शटर नाही, काचेच्या प्लेटा मिळत नाहीत. मग त्यावर फिल्म बसवून सोलापुरातच पोर्ट्रेट काढता येतील का, की मागे डिजिटल कॅमेराच जोडावा?

फिल्मवर काढता येतात, आणि फार सुंदर येतात. मी सोलापुरातच असे कॅमेरे वापरतो. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: बदल फक्त मागच्या बाजूला करा, आणि तोही पुन्हा काढून ठेवता येईल असा. पुढची लेन्स, ती बसवलेली फळी (लेन्सबोर्ड), पितळी स्क्रू, लाकडी चौकट यांना हात लावू नका. शटर बसवायचं म्हणून चांगल्या जुन्या लेन्सचं वाटोळं केलेलं मी पाहिलंय आणि त्याचं फार वाईट वाटतं. त्याची गरजच नसते, कारण स्टुडिओत शटरचं काम फ्लॅश करतो.

डिजिटलचा विचार सोडा. हाफ प्लेट साधारण १२०×१६५ मिलिमीटरची आणि फुल फ्रेम सेन्सर २४×३६ चा. म्हणजे लेन्स जेवढं चित्र टाकते त्याचा जेमतेम तेविसावा हिस्सा हाती लागतो. माणूस दूरच्या टेलिफोटोने टिपल्यासारखा दिसतो आणि या कॅमेऱ्याचा सगळा गुण हरवतो.

मागची बाजू बदलायचे दोन रस्ते आहेत. जुने होल्डर, म्हणजे प्लेट उजेडापासून झाकून कॅमेऱ्यात घालायच्या चपट्या पेट्या, शाबूत असतील तर तेच वापरा. त्यातल्या स्प्रिंगा प्लेटेला लेन्सच्या बाजूला दाबतात. फिल्मच्या मागे प्लेटेच्या जाडीचा ताठ काळा पुठ्ठा ठेवला की फिल्म बरोबर प्लेटेच्या जागी येते. ८×१० इंची शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. दुसरा रस्ता म्हणजे मागच्या चौकटीत बसेल अशी लाकडी फळी करून तिच्यावर ४×५ इंची होल्डर धरणारी स्प्रिंगबॅक बसवायची. मी दुसऱ्याच रस्त्याच्या बाजूने आहे. ४×५ मध्ये इलफर्डच्या एचपी५ आणि एफपी४, शिवाय फोमापान अशा फिल्म मिळतात, होल्डरही सहज सापडतात. फळी कुठलाही चांगला सुतार करून देईल. धातूची पट्टी किंवा रिंग लागली तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत, माप नीट दिलं की काम नीट मिळतं.

आणि मापावरच सगळं अवलंबून आहे. ज्या घासलेल्या काचेवर तुम्ही फोकस करता तिची घासलेली बाजू लेन्सकडे हवी, आणि ती बरोबर त्याच पातळीवर हवी जिथे नंतर फिल्म येणार आहे. ४×५ च्या होल्डरमध्ये फिल्म बैठकीपासून, म्हणजे कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपासून, सुमारे ५ मिलिमीटर आत असते. होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म घाला, व्हर्नियरच्या दांडीने खोली मोजा, मग काचेचीही तशीच मोजा. अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतंय असं वाटेल. डोकं-खांदे घेताना चित्र प्रत्यक्षाच्या साधारण एक पंचमांश असतं. अशा वेळी मागे अर्धा मिलिमीटर चुकलं तर चेहऱ्यावर फोकस त्याच्या पंचवीसपट, म्हणजे सव्वा सेंटिमीटर सरकतो. डोळ्यांवर केलेला फोकस पापण्या सोडून भुवईच्या हाडावर जातो. २१० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर उघडी असेल (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) तर एवढ्या जवळून मुळात तीन-साडेतीन सेंटिमीटरच खोली स्पष्ट मिळते. म्हणून मी लेन्स एफ ११ पेक्षा जास्त सहसा उघडत नाही.

भात्याची, म्हणजे लेन्स आणि मागची चौकट जोडणाऱ्या घड्यांच्या नळीची, तपासणी रात्री करा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च सोडला की घड्यांच्या कोपऱ्यांतून भोकं चमकतात. बारीक असतील तर काळा फॅब्रिक रंग पुरतो.

आता शटर नसलेल्या लेन्सने फोटो कसा काढायचा ते. दिव्याच्या उजेडात फोकस करा, एफ ११ ला आणा, लेन्सला टोपी घाला, होल्डर सरकवून त्याचं सरकतं झाकण (डार्क स्लाइड) ओढा. खोलीतले दिवे बंद. टोपी काढा, ट्रिगरने फ्लॅश उडवा, टोपी परत घाला. टोपी सेकंदभर उघडी असते, पण अंधारात १०० आयएसओच्या फिल्मवर त्या सेकंदात काही उमटत नाही. उमटतो तो फ्लॅशचा हजारावा-पाचशेवा क्षण. अंधारात बुबुळं मोठी झालेली असतात आणि फ्लॅश ती आकसायच्या आत संपतो. त्यामुळे डोळे खोल, काळेभोर येतात. या पद्धतीचं मला सर्वांत आवडणारं देणं हेच आहे.

भाता लांबवल्यावर उजेड कमी पडतो हे विसरू नका. २१० मिलिमीटरची लेन्स डोक्या-खांद्यांसाठी फिल्मपासून २५२ मिलिमीटरवर येते. २५२ भागिले २१०, त्याचा वर्ग १.४४, म्हणजे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायचा. बसलेला माणूस फोकसनंतर पुढे-मागे झाला तर सगळं फुकट. कॅमेऱ्याला बांधलेला दोरा त्याच्या गालाच्या हाडाला टेकवून बघा, मगच दिवे घालवा. वयस्कर मंडळींना पाठ टेकायला सरळ पाठीची खुर्ची द्या.

फिल्मची निवड माणूस पाहून करा. हिरव्या संवेदनेची एक्स-रे फिल्म स्वस्त पडते आणि लाल दिव्यात हाताळता येते. मात्र हॉस्पिटलांत आता प्रिंटरमध्ये जाणारी ड्राय फिल्म दिसते, ती घेऊ नका, ती कॅमेऱ्यात वापरायची नसते. एक्स-रे फिल्मला लाल रंग दिसत नाही. म्हणून कुंकू काळंभोर येतं, जुन्या फोटोंतल्या आज्यांचं यायचं तसं. एचपी५ सारख्या सर्व रंग पाहणाऱ्या फिल्मवर तेच कुंकू गव्हाळ कपाळात जवळजवळ मिसळून जातं. कुंकू उठून हवं असेल तर हिरवा फिल्टर लावा आणि उजेड वाढवा.

उलट सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला, पांढऱ्या बाराबंदीतला माणूस समोर असेल तर एक्स-रे फिल्म नकोच. तिच्यावर आपली त्वचा गडद येते आणि बाराबंदी चुन्यासारखी फटफटते. तिथे एचपी५ घ्या, उजेड चेहऱ्यावर मोजा आणि डेव्हलप करायची, म्हणजे रसायनात चित्र उमटवायची, वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करा. बाराबंदीच्या घड्याही टिकतात आणि कपाळावरचं भस्मही.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो आणि नळाचं पाणीही कोमट येतं. डेव्हलपर २४ अंशांवर गेला तर २० अंशांची वेळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी करावी लागते. पाच मिनिटांच्या खाली वेळ गेली तर चट्टे येतात, म्हणून मी डेव्हलपर निम्मा पातळ करतो आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवतो. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या गावात अर्धा तास वाहत्या पाण्याखाली फिल्म धुणं मला पटत नाही. इलफर्डची पद्धत वापरा: टाकी भरून पाच वेळा उलटीपालटी करा, पाणी बदला, मग दहा वेळा, पुन्हा बदला, मग वीस वेळा. तीन टाक्यांत काम होतं. शेवटी एकदा डिस्टिल्ड वॉटर वापरा, क्षारांचे डाग पडत नाहीत.

एवढ्या मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर, म्हणजे चित्र मोठं करून छापायचं यंत्र, लागत नाही. फोटोच्या कागदावर निगेटिव्ह, वर काच, वर साधा बल्ब, एवढ्यावर कॉन्टॅक्ट प्रिंट निघते. तुमच्या आजोबांच्या सामानात टोकदार शिसपेन्सिली आणि तिरकी काच लावलेली पेटी सापडली तर जपून ठेवा. डोळ्यांखालच्या सावल्या स्टुडिओवाले निगेटिव्हवरच पेन्सिलने भरायचे, आणि ४×५ वर ते आजही करता येतं.