जिबरेलिक ॲसिड ०.००१% म्हणजे नक्की काय? ॲसिड असून झाडावर कसं काय मारतात?

तुम्ही विचारलंय की गच्चीवरच्या मिरचीसाठी दुकानदाराने दिलेल्या बाटलीवर 'जिबरेलिक ॲसिड ०.००१% एल' लिहिलंय, तर ॲसिडने पानं जळणार नाहीत का, आणि द्राक्षवाले ज्याला जीए म्हणतात ते हेच का. हो, हेच. आमची तासगाव भागात थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची बाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने घरात जीए सोडून दुसरा विषय नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲसिड म्हटलं की आपल्याला संडास धुवायची बाटली आठवते. पण केमिस्ट्रीत रेणूला कार्बोक्झिलिक गट असला की नावात ॲसिड येतं, लिंबातलं सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड तसंच हे. आणि तुमच्या बाटलीत ते आहे तरी किती? ०.००१ टक्के म्हणजे लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम, त्याने पान जळायचा प्रश्नच येत नाही. खरं तर हे झाडाचं हार्मोन आहे, प्रत्येक झाड स्वतःच्या आत थोडं थोडं बनवतंच.

नावातलं 'जिबरेलिक' आलंय एका बुरशीवरून, जिबरेला फुजिकुरोई. जपानमध्ये भातावर एक रोग पडायचा, त्यात रोप ताडमाड उंच, फिकट, लुकडं व्हायचं आणि शेवटी आडवं पडायचं, तिकडे त्याला बाकानाए म्हणजे 'वेडं रोप' म्हणत. १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने तैवानमध्ये दाखवलं की बुरशी नुसती वाढवून गाळून घेतलेल्या पाण्यानेही भात तसाच उंच होतो, म्हणजे बुरशी काहीतरी सोडते. ते 'काहीतरी' म्हणजे जिबरेलिन, हे नाव याबुता यांनी १९३५ ला दिलं. पुढे असे शंभरावर जिबरेलिन सापडले, सापडतील तसे नंबर दिले, आणि आपण वापरतो ते तिसरं, जीए३. बऱ्याच जणांना वाटतं तो ३ म्हणजे स्ट्रेंथ, तसं नाहीये.

आता द्राक्षात का लागतं. मण्यात बी असली की बीच जिबरेलिन पुरवते आणि मणी फुगतो. थॉमसनला बी नाही, त्यामुळे आपोआप सोडला तर मणी बारीक राहतो, ती कमी आपण बाहेरून भरतो. आधी घड पोपटी रंगाचा असताना १० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) आसपास फवारा, त्याने घडाचा दांडा आणि पाकळ्या, म्हणजे दांड्याचे बाजूचे फाटे, लांबतात, मण्यांना जागा होते. मग मणी सेट झाल्यावर ३०-४० पीपीएमचं डिपिंग. डिपिंग म्हणजे अक्षरशः एकेक घड मगात बुडवायचा, बायका ओळीने मांडवाखाली उभ्या राहतात, घड खालून मगात घालायचा, काढायचा, आणि हलकेच हलवून मण्याच्या टोकाला लोंबणारा थेंब पाडायचा, तो तिथेच सुकला तर डाग राहतो.

आणि टक्केवारी वाचा हो, हे मी कळकळीने सांगतोय. आमच्याकडे वर्षानुवर्षं ९०% ची पावडर यायची, ॲसिटोनमध्ये विरघळवून १०० लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ९ पीपीएम, हे माप हातात बसलेलं. एका वर्षी ४०% वालं आणलं, थेट पाण्यात विरघळणारं, आणि मी त्याच मापाने टाकलं. झालं, ९ च्या जागी ४ पीपीएम. घड लांबलेच नाहीत, मणी एकमेकांना चिकटून मक्याच्या कणसासारखे गच्च, कात्रीने विरळणी करायला दुप्पट मजूर लागले आणि तरीही आतले मणी दबून फुटले. दोन्ही पाकिटांवर नाव सेम, जिबरेलिक ॲसिड, फरक फक्त आकड्यात. तुमच्या बाटलीशी तुलना केली तर एक ग्रॅम ९०% पावडरीत जेवढं जीए असतं तेवढं मिळवायला तुमचं ९० लिटर औषध लागेल.

जास्तीचंही तेवढंच नुकसान आहे, घडाचा दांडा जाड आणि कडक होतो, मणी गळतात. आणि एप्रिल छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात (अंकुरात) पुढच्या सालचा घड तयार होत असतो तेव्हा वेलीत जिबरेलिन जास्त झालं तर घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा निघतो, म्हणून त्या काळात उलट सीसीसी मारतात, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, जे झाडातलं जिबरेलिन बनणंच रोखतं. २०१० ला युरोपने आपली द्राक्षं अडवली होती ती याच सीसीसीच्या अंशांमुळे.

तुमच्या मिरचीबद्दल म्हणाल तर बाटलीबरोबरच्या पत्रकात पिकाच्या नावापुढे मिलीमध्ये मात्रा दिलेली असते तेवढीच घ्या, मिरचीचं नाव नसेल तर सरळ दुकानात परत द्या. कुणी द्राक्षाची पावडर चिमूटभर देऊ केली तर घेऊ नका, रोपं त्या जपानी भातासारखी नुसती उंच होऊन लवंडतील. पाणी बोअरचं क्षारपट असेल तर आधी थोडं सायट्रिक ॲसिड टाकून पीएच ६ च्या आसपास आणा, कारण अल्कधर्मी पाण्यात जीए हळूहळू तुटून निकामी होतं, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवा.